पाव्हण्यांनी आतून कडी लावली तेव्हा

ओलीस हा शब्द बावीस वर्षांच्या नोकरीत मी आमच्या ठाण्यात कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आमच्या डोंगरी भागात बांध कोरल्याच्या तक्रारी येतात, भावकीच्या हाणामाऱ्या येतात, किल्ल्यावर वाट चुकलेले शहरातले लोक येतात. त्यामुळे त्या सकाळी पासलीच्या पुढच्या एका वाडीतून फोन आला आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, पाव्हण्यांनी आतून कडी लावलीय, बिगीनं या," तेव्हा मी म्हणाले, "मग दार वाजवा की."

"वाजवून झालं. पोरगी हाय आत. आन कोयता बी हाय."

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे आमचे फौजदार. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, चपळ, आणि एका जागी बसणं म्हणजे शिक्षा वाटणारे. मीही काही शांत स्वभावाची नाही. भात शिजेपर्यंत मला ओट्यापुढं उभं राहवत नाही, तेवढ्यात मी दोन भांडी घासून काढते. जीपमध्ये आम्ही चौघं होतो: साहेब, मी, चालक आणि एक शिपाई. सगळा रस्ता साहेब गुडघा हलवत होते आणि मी मनातल्या मनात तीन वर्षांपूर्वीची वही उघडत होते.

पुण्याला एक प्रशिक्षण होतं, तीन दिवसांचं. ओलीस ठेवणाऱ्याशी बोलायचं कसं, हा विषय. ठाण्यातून कुणीच जायला तयार नव्हतं, कारण राहायचं बराकीत आणि जेवायचं मेसमध्ये. मला पाठवलं. शिकवणारे निवृत्त अधिकारी होते, आवाज खालचा, विनोद एकही नाही. त्यांचं म्हणणं इतकंच की आतला माणूस पहिल्या तासात सगळ्यात धोक्याचा असतो, मग तो दमतो. तेव्हा वेळ जाऊ द्या. त्याच्याशी एकानंच बोलावं. नातेवाइकांना दारापासून लांब ठेवावं, कारण तुम्हाला वाटतं आईचा आवाज ऐकून तो विरघळेल, पण बऱ्याचदा भांडण आईशीच असतं. मी हे सगळं लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, हे मुंबईला उपयोगी पडेल, आमच्याकडे कशाला लागतंय.

वाडीत पोहोचलो तर दारापासून लांब एकही नातेवाईक नव्हता. कापणी सोडून चाळीसेक माणसं अंगणात होती. सासू दारापुढं कपबशी घेऊन उभी. कपावर दुसरी बशी झाकण म्हणून ठेवलेली, चहा निवू नये म्हणून.

"जावईबापू, चहा तरी घ्या. सकाळधरनं तोंडात काय न्हाई तुमच्या," ती दाराला सांगत होती.

मी तिला बाजूला घेतलं तर ती माझ्यावरच रागावली. "आवो, कसं बी झालं तरी जावई हाय. दारात आलेला माणूस, बिनचहाचा ठिवायचा का?"

ही तिथली रीत आहे, आणि ती मला नवी नव्हती. माझं माहेर भोंगवलीचं. आम्ही बौद्ध, पण जावयाच्या बाबतीत आमच्या आळीत आणि त्यांच्या आळीत फरक नाही. सासुरवाडीत जावयाला उलटून बोलायचं नाही, त्याच्या अंगावर जायचं नाही. सकाळी हा जावई बायकोला ओढत बाहेर नेऊ लागला तेव्हा घरात तिघं धडधाकट पुरुष होते. एकानंही त्याचा हात धरला नाही. "पाव्हणं, असं करू नगा," एवढंच म्हणत राहिले. तिनं स्वतःच झटका देऊन हात सोडवला. मग तो खुंटीवरचा कोयता घेऊन भाताच्या खोलीत शिरला. तिथं पोत्यांवर त्याची चार वर्षांची मुलगी खेळत होती. त्यानं कडी लावली. एवढं सरपंचांनी मला अंगणातून दारापर्यंत येता येता सांगितलं.

त्याची मागणीही साधी होती. बायको नांदायला पाठवा. तो हायवेला शिवऱ्याच्या बाजूला टेम्पो चालवायचा, प्यायचा आणि मारायचा. बायको गणपतीत माहेरी आली ती परत गेली नव्हती. ती अंगणाच्या कडेला, मळणीच्या जागेजवळ उभी होती. तिशीची, काटक. रडत नव्हती. तिची नजर खोलीच्या खिडकीवरून हलत नव्हती. खिडकी म्हणजे दोन गज लावलेला हातभर झरोका.

साहेबांनी दाराला एकदा हात लावून पाहिला. सागाचं, जुनं. "दोन लाथांत जाईल," ते मला हळूच म्हणाले.

"जाईल. पण दुसरी लाथ बसेपर्यंत तो काय करेल?"

"काही करत नाही हो. बायकोला मारणारे भित्रे असतात."

"भित्रा आहे म्हणूनच सांगतेय."

ते गप्प झाले, पण त्यांचे पाय गप्प झाले नाहीत. वाडीत मोबाईलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. वरून फोन येत होते, कारण कुणीतरी अंगणाचा व्हिडिओ करून पाठवलाही होता. साहेब टाकीपाशी जायचे, बोलून यायचे, आणि दर वेळी थोडे जास्त तापून यायचे. "विचारतायत, एवढा वेळ काय करताय. काय सांगू? गप्पा मारतोय?"

मी लोकांना अंगणाबाहेर काढलं. निम्मे गेले, निम्मे कुडापलीकडून माना उंचावून बघत बसले. सासूला चुलीपाशी पाठवलं. झरोक्याच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून मी पाटावर बसले आणि बोलायला लागले.

"पाव्हणं, मी हवालदार आहे. आत ऊन येतंय का?"

आतून आवाज आला, "कोन तुमी?"

"सांगितलं की. हवालदार. पोरगी काय करतीय?"

"बसलीय."

"भिजलीय का?"

हे मी मुद्दाम विचारलं. चार वर्षांची मुलगी दोन तास कोंडलेली, ती भिजलेली असणारच. तो म्हणाला, "व्हय." त्याच्या आवाजात पहिल्यांदा माणूस ऐकू आला. मी झरोक्यातून कोरडी चड्डी दिली, मग बिस्किटाचा पुडा. पुडा घ्यायला मुलीचा हात आला, तेव्हा कळलं ती झरोक्याखालच्या पोत्यावर आहे. पाण्याचा तांब्या घ्यायला त्याचा हात आला, डावा. म्हणजे कोयता उजव्या हातात, आणि मुलगी त्याच्या उजव्या गुडघ्याशी. साहेबांनी डोळ्यांनी शिपायाला खूण केली. शिपाई भिंतीला चिकटून पुढं सरकला. पुढच्या वेळी मनगट धरायचं, असा बेत. मी मान हलवून नाही म्हटलं. मनगट धरलं तर दुसरा हात मोकळाच राहतो, आणि तो कुठं होता हे मला आत्ताच कळलं होतं. साहेबांनी डोळे मोठे केले. शिपाई बिचारा एक पाय पुढं, एक मागं असा अडकून राहिला.

असे दोन तास गेले. लिहिताना एक ओळ लागते, बसताना कंबर मोडते. त्यानं टेम्पोचं सांगितलं, मालकाचं सांगितलं, बायको कशी उलटून बोलते ते सांगितलं. मी "मग?" आणि "पुढं?" एवढंच म्हणत होते. पंधरा-पंधरा मिनिटं मी पाय हलवू शकत नव्हते आणि डोक्यात दुसरंच चालू होतं. गॅस बंद केला होता का, जीपचं तोंड वळवून ठेवायला हवं, मुलगी एवढी गप्प का. एकदा आत ती खोकली तर मी पाटावरून उठलेच. "दाना गेला घशात," तो म्हणाला. मी परत बसले.

दुपारी त्याचा आवाज बसला. दमला होता. आता तो सुटायला वाट शोधतोय, हे मला समजत होतं.

"ताई, मी येतो भाईर. पर हिला पाठवा म्हणावं माझ्यासंगं."

"ते मी कसं सांगणार?"

"तुमी सरकारी मानूस. तुमी भंडारा उचला. तिला नांदाय पाठवते म्हनून उचला, मी कडी काढतो."

"सासरे आहेत की इथं."

"म्हाताऱ्यानं उचलला हुता! दसऱ्याला पोरगी आनून सोडतो म्हनून. दसरा गेला, दिवाळी गेली. त्याचा भंडारा खोटा हाय. तुमीच उचला."

भंडारा म्हणजे देवापुढची हळद. चिमूटभर हातात घेऊन शब्द दिला की तो मोडायचा नाही. बांधाचं भांडण असो की सोयरीक, त्या भागात स्टॅम्पपेपरला जेवढं मानत नाहीत तेवढं याला मानतात. मी सासऱ्यांकडे, त्या म्हातारबाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि निमूटपणे आत जाऊन देव्हाऱ्यातली वाटी आणली. माझ्या पुढ्यात धरताना ते क्षणभर अडखळले. मी कोण, हे त्यांना माहीत होतं. मग वाटी पाटावर ठेवून त्यांनी हात काढून घेतला. मी तिकडं लक्ष दिलं नाही. एका दिवसात सगळ्या गोष्टी लढता येत नाहीत.

साहेब उकिडवे बसून माझ्या कानाशी आले. "उचला. संपवा."

"आणि पाठवायचं तिला?"

"कुणी पाठवत नाही हो. तो बाहेर आला की आत टाकू. भंडाऱ्याला काय कायद्यात कलम आहे? आणि तुम्ही तर मानतही नाही. तुम्हाला काय होणार?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पोलीस खोटं बोलतात. चोराला आम्ही सांगतो, तुझ्या साथीदारानं सगळं कबूल केलंय. बुद्धपौर्णिमेला मी पंचशील म्हणते, त्यात चौथं खोटं न बोलण्याचं, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाऊन दोन थापा मारते. त्याचं मला कधी ओझं झालं नाही. प्रशिक्षणातही सांगितलं होतं की पाळता येणार नाही असं वचन शक्यतो देऊ नका. शक्यतो. म्हणजे जीव वाचत असेल तर द्या.

मी हात पुढं केला आणि कुडाकडे नजर गेली. उरलेली वीसेक माणसं त्या वाटीकडे बघत होती. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बाईंनी उचलला का मिटलं. मग हिला जावंच लागंल." तो अगदी समाधानानं म्हणाला. सरपंचांनीही मान डोलावली.

तेव्हा मला कळलं की मी काय करायला निघाले होते. माझ्यासाठी ती युक्ती होती. साहेबांसाठीही. पण या माणसांसाठी तो निकाल होता. जावई चार दिवसांनी नाहीतर चार महिन्यांनी जामिनावर सुटून आला असता, तेव्हा मी भोरला माझ्या घरी असते, आणि इथं सगळे तिला म्हणाले असते, भंडारा उचललेला आहे, सरकारी माणसानं उचललाय, तुला जावं लागेल. शब्द मी दिला असता आणि पाळायला तिला लागला असता. ती मळणीच्या जागेवरून आता माझ्याकडे बघत होती. सकाळपासून पहिल्यांदा तिची नजर खिडकीवरून हलली होती.

मी हात मागं घेतला.

"पाव्हणं, हे मी उचलणार नाही."

आत काहीतरी आपटलं. मुलगी ओरडली. साहेब उठून दाराकडे वळले, शिपायानं काठी उचलली. मी झरोक्याला तोंड लावलं आणि भराभर बोलले, कारण हळू बोलायला वेळ नव्हता.

"ऐका. ती माझी लेक नाही, तिला पाठवायचा मला हक्क नाही. जे माझ्या हातात नाही त्याच्यावर मी भंडारा उचलला तर तोही म्हातारबाबांच्यासारखाच खोटा ठरेल. माझ्या हातात काय आहे ते सांगते. तुम्ही कोयता झरोक्यातून बाहेर टाकलात, पोरीला सोडलंत, तर तुमच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. इथं नाही, गाडीत नाही, ठाण्यात नाही. पोरीदेखत बेड्या घालणार नाही. यावर उचलते. आत्ता."

मुलगी मुसमुसत होती, म्हणजे जिवंत होती. मग त्याचा आवाज आला, लहान झालेला. "लई मारत्यात ओ ठान्यात."

तेव्हा समजलं, दुपारपासून तो कशाला अडला होता. बायकोचं तो अजूनही म्हणत होता, पण कडी निघत नव्हती ती मारापायी.

"मारणार नाहीत."

"तुमी न्हाई मारनार. साहेबास्नी पन उचलाय सांगा."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कुडापलीकडून कुणीतरी म्हणालं, "उचला की साहेब, हळदच हाय, भाजतीय व्हय?" आणि दोन-चारजण हसले, त्या तसल्या वेळीसुद्धा. मी चिमूट उचलली, जे म्हटलं होतं ते मोठ्यानं म्हटलं. मग साहेबांनी उचलली. पण उचलताना त्यांनी टोपी काढून काखेत धरली, हे मी पाहिलं.

कोयता गजांमधून बाहेर आला आणि पाटावर पडला. कडी निघाली. मुलगी आधी आली, दोन्ही गालांना बिस्किटाचा चोथा लागलेला, आणि ती आईकडे गेली नाही. अंगणाच्या मधोमध उभी राहून सगळ्यांकडे बघत राहिली. आईनंच जाऊन तिला उचललं. मागून तो आला. बुटका, घामेजलेला, कुणाच्याही नजरेत न भरणारा माणूस. सासूनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आता तरी चहा द्या रे त्यास्नी."

जीपमध्ये मी मागं त्याच्या आणि शिपायाच्या मध्ये बसले. वाडी मागं पडली, पहिलं वळण गेलं, आणि साहेबांनी पुढच्या सीटवरून वळून हात उगारला. दिवसभराचा राग होता तो, फोनचा, टाकीच्या चकरांचा. मला तो समजत होता. तोच राग माझ्याही हातात होता.

"साहेब, भंडारा."

"तुम्ही मानता?"

"मी नाही मानत. तुम्ही मानता."

हात दोन सेकंद वर राहिला. मग त्यांनी तो खिडकीवर ठेवला.

संध्याकाळच्या आत बायको फिर्याद द्यायला आली, वडिलांबरोबर. म्हातारबाबा बाहेर बाकावर बसले. मुलगी आजीपाशी ठेवली होती. मी कागद पुढं ओढले. साहेबांचं म्हणणं, आजची घटना थोडक्यात घ्या, दोन पानांत होईल.

"पोरगी भाईर आली ते बरं झालं," ती म्हणाली. "त्याला मारू न्हाई म्हनून तुमी भंडारा उचलला. ते बी बरं केलं. माझ्यासाठी कुनी उचलला न्हाई कवा."

मी म्हटलं, आता फिर्याद घेतेय ना.

"आखाडात आले हुते मी. हितंच. तुमीच हुता. म्हणला, पोरगी हाय पदरात, मिटवून घ्या. त्याला बोलावलं, समज दिली, आन मला त्याच्यासंगं पाठवलं."

मला ती आठवत नव्हती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खोटं लिहून उपयोग नाही. मी कपाटातून नोंदवही काढली. आखाडातलं पान. अक्षर माझंच. अदखलपात्र नोंद, दोन्ही बाजूंना समज देऊन घरी पाठवले. दोन ओळी. त्या दिवशी मी आणखी काय काय करत होते ते तिथंच खाली लिहिलेलं होतं: एक म्हैस, एक बांध.

सकाळी कोयता घेतलेल्या माणसाला जावई म्हणून हात न लावणाऱ्या तिघांवर मी मनातून चिडले होते. मी काय वेगळं केलं होतं? मीही त्याला चहाच दिला असेल.

बाहेरून म्हातारबाबा म्हणाले, "बाई, आटपलं का? मिटवून टाका म्हनतो मी. जावई हाय शेवटी."

तिनं दाराकडे मान वळवली नाही. "लिवा मॅडम. पयल्यापासनं लिवा. आजचं शेवटाला."

मी लिहिलं. लग्नाच्या वर्षापासून. मोडलेलं बोट, गॅसची नळी, टेम्पोत कोंडून ठेवलेली एक दुपार. नऊ पानं झाली. यापूर्वी तक्रार दिली होती का, यावर मी आखाडातली तारीख टाकली आणि तक्रार घेणारी मीच होते, तेही लिहिलं. साहेबांनी वाचताना तिथं बोट ठेवलं. "हे कशाला घेताय अंगावर?"

"झालंय ते."

त्यांनी पान उलटलं.

तो आता जामिनावर बाहेर आहे, परत टेम्पो चालवतो. वाडीत अधूनमधून कुणी ना कुणी तिच्या वडिलांना सुचवतंच. मुलगी अंगणवाडीत जाते आणि दार लावलेल्या खोलीत बसत नाही, मग बाईंनी दार उघडं ठेवायची सवय केलीय. पंधरा-वीस दिवसांनी मी स्कूटी घेऊन वर जाऊन येते. ड्युटीत बसत नाही ते. ती कामात असते, हातातलं सूप खाली ठेवत नाही, मलाही बस म्हणत नाही. "आला नव्हता ना?" मी विचारते. "न्हाई अजून," ती म्हणते, आणि मी गाडी वळवते.